रक्ताचा रिपोर्ट हातात आला की काय बघायचं: शरीरातला कचरा नीट बाहेर जातोय का

लॅबच्या काउंटरवर रिपोर्ट घेताना लोक हमखास विचारतात, "रक्त शुद्ध आहे ना हो?" मी किनाऱ्यावरच्या एका तालुक्याच्या गावात लॅबमध्ये काम करतो, निम्मे पेशंट मच्छीमार घरातले आणि निम्मे आंबा-काजू बागायतवाले, आणि काउंटरवर दोन मिनिटांत या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही म्हणून आज सगळं सविस्तर लिहितोय. रक्तात कचरा असणारच, तो वाहून नेणं हे रक्ताचं कामच आहे. शरीरातली प्रत्येक पेशी काम करते तिथे काहीतरी टाकाऊ तयार होतं, रक्त ते उचलतं आणि ज्या अवयवाकडे ते बाहेर काढायची सोय आहे तिथे पोचवतं. मग बघायचं एवढंच की पोचवलेला माल तिथे उतरतोय की परत फिरून रक्तातच साचतोय. रिपोर्टमधले क्रिएटिनिन, युरिया, युरिक अ‍ॅसिड, बिलिरुबिन हे सगळे आकडे त्याचेच आहेत, आणि कुठला कचरा कुठून निघतो हे एकदा डोक्यात बसलं की रिपोर्ट तुमचा तुम्हालाच बराचसा कळायला लागतो.

सगळ्यात जास्त तयार होणारा कचरा म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो साधारण ७० टक्के बायकार्बोनेट होऊन रक्तात विरघळून जातो, थोडा हिमोग्लोबिनला चिकटून जातो आणि अगदी थोडा तसाच विरघळलेला असतो, फुप्फुसात पोचला की उलटी प्रक्रिया होते आणि श्वासावाटे बाहेर. यासाठी रोजच्या तपासणीत वेगळं काही बघावं लागत नाही, दमेकरी किंवा खूप वर्षं बिडी ओढणाऱ्यांचं प्रकरण वेगळं, ते डॉक्टर बघतात.

दुसरा कचरा प्रोटीनचा. आपण मासे खातो, डाळ खातो, त्यातलं प्रोटीन मोडलं की अमोनिया निघतो आणि अमोनिया विषारी असतो, मेंदूला तर फारच. म्हणून लिव्हर त्याचा युरिया बनवतं, युरिया त्यामानाने निरुपद्रवी, तो रक्तातून किडनीकडे जातो आणि लघवीतून बाहेर. लिव्हर हे काम कसं करतं ते हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट या दोघांनी १९३२ साली शोधून काढलं. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, ज्यांच्या घरात दारूने लिव्हर खराब झालेलं माणूस आहे त्यांच्यासाठी. तो माणूस दिवसा झोपून रात्री जागायला लागला, बोलण्यात घोळ व्हायला लागला, हात पुढे धरल्यावर फडफडायला लागले तर "चढली असेल" म्हणून सोडून देऊ नका, अमोनिया रक्तात साचून मेंदूपर्यंत पोचल्याची ती खूण असू शकते, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

तिसरा क्रिएटिनिन. हा स्नायूंमधून निघतो, एका माणसात रोज जवळपास सारखाच तयार होतो आणि किडनीच तो काढते, त्यामुळे किडनी कशी चाललीय हे बघायला तो सोयीचा पडतो. युरिक अ‍ॅसिड प्युरिन नावाच्या पदार्थापासून बनतं, ते आपल्या पेशींतही असतं आणि तारली, बांगडा, शिंपल्या असल्या मासळीतही भरपूर असतं, ते वाढलं की अंगठ्याचा सांधा रात्रीत लालबुंद सुजतो, चादरसुद्धा लागलेली सहन होत नाही. तारली कायमची बंद करा असं मी कुणाला सांगत नाही, पण ज्यांना असा झटका येऊन गेलाय त्यांनी ती रोज ताटात नको, आणि बिअर तर नकोच.

चौथा बिलिरुबिन, हा पिवळा. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, मग मोडते, तिच्यातल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन तयार होतं, ते पाण्यात विरघळत नाही म्हणून अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनला धरून लिव्हरपर्यंत येतं, लिव्हर त्याला विरघळण्याजोगं करून पित्तात सोडतं आणि ते आतड्यातून बाहेर पडतं. शौचाचा तपकिरी रंग त्याच्यामुळेच, लघवीचा पिवळा रंगसुद्धा त्याच्यापासूनच बनलेल्या एका द्रव्याचा. म्हणून कावीळ बघताना फक्त डोळे बघून थांबू नका. डोळ्याचा पांढरा भाग दिवसाच्या उजेडात, अंगणात उभं करून बघा, घरातल्या पिवळ्या बल्बखाली काही कळत नाही. लघवी चहासारखी गडद होतेय का विचारा. आणि शौच मातीसारखं पांढुरकं होतंय का तेही विचारा, कारण तसं असेल तर पित्ताची वाट कुठेतरी अडलीय, खडा असेल किंवा दुसरं काही, आणि झाडपाल्याच्या औषधाने ती वाट मोकळी होत नाही, सोनोग्राफी लागते.

आता किडनी, कारण खरा गोंधळ इथेच आहे.

मोठ्या माणसात साधारण ५ लिटर रक्त असतं आणि हृदय दर मिनिटाला साधारण तेवढंच फिरवतं, त्यातला पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्तच एकट्या किडन्यांकडे जातो. एवढ्या दोन मुठीएवढ्या अवयवांना एवढं रक्त, ते त्यांचं पोट भरायला नाही, गाळायला. प्रत्येक किडनीत साधारण १० लाख बारीक गाळण्या असतात आणि दोन्ही मिळून दिवसाला जवळजवळ १८० लिटर पाणी गाळतात. लघवी मात्र दीड-दोन लिटरच होते. मग बाकीचं कुठे जातं? परत रक्तात. आपल्याकडे रापण ओढतात तेव्हा जाळ्यात येईल ते सगळं आधी वाळूवर घेतात आणि मग कामाचं पाटीत भरून घेतात, किडनी अगदी तसंच करते, आधी पाणी, साखर, मीठ, कचरा सगळं गाळून बाहेर घेते आणि मग पुढच्या बारीक नळ्यांमधून लागेल ते परत उचलते, जे उचलत नाही ते लघवी. म्हणजे कचरा ओळखून ओळखून काढायची गरजच पडत नाही, अगदी नवीन कुठलं औषध पोटात गेलं तरी पुष्कळदा ते असंच बाहेर पडतं. मला हे कितीदाही वाचलं तरी थक्क व्हायला होतं.

पण हे गाळणं चालतं रक्ताच्या दाबावर. दाब फार कमी झाला तर गाळणं थांबतं, वर्षानुवर्षं जास्त राहिला तर गाळण्या झिजतात. साखर जास्त राहिली तरी झिजतात. म्हणून बीपी आणि शुगर हे किडनी जायचं सगळ्यात मोठं कारण आहे, आणि त्यात काहीच दुखत नाही हा सगळ्यात वाईट भाग. आमच्याकडे "माका काय होणा नाय" म्हणत वर्षं काढलेली माणसं येतात तेव्हा रिपोर्ट देताना हात जड होतो खरंच.

तर रिपोर्ट घ्या हातात. पहिलं क्रिएटिनिन बघा. लॅबनुसार थोडा फरक पडतो पण पुरुषांना साधारण ०.७ ते १.३ आणि बायकांना ०.६ ते १.१ मिलिग्रॅम असं छापलेलं असतं, काही ठिकाणी दोघांना मिळून एकच रेंज छापतात, आणि लोक फक्त एवढंच बघतात की आकडा रेंजमध्ये आहे ना, ठळक तर नाही ना छापला. इथेच फसायला होतं. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, मग ज्याचे स्नायू कमी त्याचा आकडा मुळातच कमी असायला हवा. २५ वर्षांच्या धडधाकट खलाशी पोराचं क्रिएटिनिन १.२ आलं तर हिशोबाने त्याची किडनी मिनिटाला ८५ मिलिलिटरच्या आसपास गाळतेय, ठीक आहे. तेच १.२ एखाद्या ६५ वर्षांच्या काकूंचं आलं तर त्यांची किडनी ५० च्या आसपासच गाळतेय, म्हणजे बरंच कमी. आकडा तोच! म्हणून रिपोर्टवर ईजीएफआर नावाची ओळ शोधा, वय आणि स्त्री-पुरुष धरून केलेला तो हिशोब असतो, मिनिटाला किती मिलिलिटर गाळलं जातंय याचा अंदाज. ९० च्या वर उत्तम, ६० च्या खाली ३ महिन्यांहून जास्त काळ राहिलं तर किडनीचा जुना आजार धरतात. ओळ नसेल तर लॅबवाल्याला सांगा काढून द्या म्हणून, वेगळं रक्त लागत नाही, नुसता हिशोब आहे.

आणि आता या सगळ्या लिखाणात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, नुसतं रक्त देऊन घरी जाऊ नका, लघवीपण द्या. क्रिएटिनिन फार उशिरा वाढतं, निम्म्या गाळण्या निकामी होईपर्यंत ते पुष्कळदा रेंजमध्येच दिसतं, कारण उरलेल्या गाळण्या जास्त काम ओढतात. पण गाळणी फाटायला लागली की अल्ब्युमिन लघवीत गळायला लागतं, आणि ते आधी दिसतं, पुष्कळदा काही वर्षं आधी. टेस्टचं नाव युरीन अल्ब्युमिन क्रिएटिनिन रेशो, एसीआर म्हटलं तरी लॅबमध्ये कळतं. ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झालीय आणि अजून बरंच काही हातात आहे, ३०० च्या वर म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना भेटाच. शुगर किंवा बीपी असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी हे करावं, घरात कुणाला किडनीचा त्रास असेल तर त्यांनीही. तपासणीच्या पॅकेजमध्ये ही टेस्ट पुष्कळदा नसते, चाळीस-पन्नास टेस्टची मोठी यादी असते आणि नेमकी हीच नाही, म्हणून तोंडाने मागून घ्या.

सॅम्पल देतानाही थोडं सांभाळा. लघवी शक्यतो सकाळची पहिली, आधी थोडी सोडून मधली डबीत घ्यायची. ताप असताना, लघवीला जळजळ असताना, पाळी चालू असताना किंवा आदल्या दिवशी जाळी ओढून अंग मोडलेलं असताना दिली तर अल्ब्युमिन खोटंच वाढलेलं येऊ शकतं. रक्त द्यायच्या आदल्या रात्री मटणाचा किंवा मासळीचा दाबून बेत करू नका, शिजवलेल्या मांस-मच्छीने क्रिएटिनिन थोडा वेळ वर जातं. उपाशी पोटाची गरज शुगर-कोलेस्टेरॉलला असते, किडनीसाठी नाही, आणि उपाशी म्हणजे पाणीसुद्धा प्यायचं नाही असं नाहीच, पाणी प्या, नाहीतर शीरही सापडत नाही आणि युरियाही वाढलेला येतो.

युरियावरून आठवलं, एका लॅबमध्ये युरिया ३८ आणि दुसरीकडे बीयूएन १८ आलं म्हणून लोक घाबरतात नाहीतर उगाच खूश होतात. दोन्ही एकच आहे. बीयूएन म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन, त्याला २.१४ ने गुणलं की युरिया येतो, १८ ला गुणून बघा. क्रिएटिनिन ठीक आणि एकटा युरिया चढलेला असेल तर बहुतेक वेळा पाणी कमी पडलेलं असतं, पण शौच डांबरासारखं काळं होत असेल तर पोटात कुठेतरी रक्त जातंय का ते ताबडतोब बघायला हवं, आतड्यात रक्त पचलं तरी युरिया वाढतो.

घरच्या घरी बघण्याच्या खुणा म्हणाल तर संध्याकाळी घोट्यावर बोट दाबून खड्डा राहतो का, सकाळी डोळ्याखाली सूज आहे का, लघवीला फेस येऊन तो पाणी टाकेपर्यंत तसाच राहतो का, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं का. यातलं काही असलं म्हणजे किडनी गेलीच असं नाही पण टेस्ट करायला ते कारण पुरेसं आहे.

आता आपल्या किनाऱ्याचं बोलू, कारण इथल्या कामाच्या पद्धतीच अशा आहेत की किडनीवर ताण येतो. वैशाखात आंबे उतरवणारे, होडीवर दिवसभर उन्हात असणारे, चिरेखाणीवर राबणारे, घामाने पाणी जातं आणि रक्त किडनीकडे कमी पोचतं. घामातून कचरा निघून जातो असं बरेच जण समजतात, ते तसं नाही, घाम मुख्यतः अंग थंड करायला असतो, कचरा त्यातून नाममात्र जातो. लघवी फिकट पिवळी राहील एवढं पाणी पीत राहायचं, गडद झाली की कमी पडतंय. आणि बाजारात मासे विकायला बसणाऱ्या आमच्या मावश्या, सकाळी लिलावापासून दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत, का तर जवळ बाथरूम नाही. ही त्यांची चूक नाहीच, ग्रामपंचायतीने, नगरपंचायतीने मासळी बाजाराजवळ बायकांसाठी स्वच्छ बाथरूम बांधणं आणि ते उघडं ठेवणं हा आरोग्याचाच खर्च आहे असं मी कुठल्याही ग्रामसभेत उठून सांगेन. तोपर्यंत निदान आळीपाळीने एकमेकींच्या पाटीवर लक्ष ठेवून जाऊन या, लघवी तुंबवून ठेवू नका.

याच उन्हात अजून एक घातक सवय आहे, अंग दुखलं की मेडिकलमधून गोळी. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक या गोळ्या किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी आवळतात, धडधाकट माणसाला एखाद्या वेळी चालून जातं, पण अंगात पाणी कमी, वर बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी, त्यात लघवी वाढवणारी गोळी आणि वर ही पेनकिलर असं एकत्र आलं तर किडनी दोन दिवसांत बसू शकते. बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, ती किडनीला सांभाळणारीच आहे, बंद करायची ती पेनकिलर. जुलाब-उलट्या लागल्या असतील तर मात्र त्या दिवसांत बीपीची आणि शुगरची गोळी घ्यायची की थांबवायची ते डॉक्टरांना फोन करून विचारा. अंगदुखीला पॅरासिटामॉल त्यामानाने किडनीला बरी, तीही सांगितलेल्या मात्रेत, आणि दारू पिणाऱ्यांनी ती पण विचारूनच.

पावसाळ्यात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत हे कुणाला समजावून सांगायला नको, उंदराच्या लघवीतले जंतू शेतातल्या पाण्यात येतात आणि पायाच्या चिरांतून अंगात शिरतात. लिव्हर आणि किडनी दोन्हीवर एकदम घाला घालतो हा आजार, म्हणजे कचरा काढायच्या दोन मोठ्या वाटा एकाच वेळी बंद. लावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या दाबल्या की ठणकणं, डोळे लाल, त्यातच डोळे पिवळे पडायला लागले किंवा लघवी कमी झाली तर काविळीचं औषध देणाऱ्याकडे जाण्यात दिवस घालवू नका, सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि तिथे सांगा की मी शेतात चिखलात काम केलंय. वेळेत अँटिबायोटिक मिळालं तर माणूस बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. लावणीच्या आधी प्रतिबंधक गोळी घ्यायची का तेही तिथेच विचारा, पायाला भेग-जखम असेल तर गमबूट घाला.

सुकी मासळी आणि खारवलेलं लोणचं याबद्दल लोक रागावतात माझ्यावर, तरी सांगतो. दिवसाला ५ ग्रॅम मीठ म्हणजे जेमतेम एक चमचा, सगळं धरून. सुका बांगडा, खारा, पापड, लोणचं असलं एका ताटात आलं की तेवढं तिथेच होतं. सोडे-सुकट करायच्या आधी भिजवून पाणी फेकलं तर मीठ बरंच उतरतं, आणि कालवणात मग वरून मीठ घालू नका.

ज्यांची किडनी आधीच कमी चालते त्यांच्यासाठी नियम उलटे होतात, हे घरच्यांनी नीट वाचा. शहाळं चांगल्या माणसाला उत्तम, पण त्यात पोटॅशियम भरपूर, एका ग्लासात साधारण ६०० मिलिग्रॅम, आणि ते किडनी काढू शकली नाही तर रक्तात साचून हृदय बंद पाडू शकतं. आजारी माणसाला बघायला येताना शहाळं घेऊन यायची आपली रीत आहे, प्रेमानेच आणतात, पण डायलिसिसच्या पेशंटला ते देऊ नका. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठही नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं. आणि करंबळ, आडवं कापलं की चांदणी दिसते ते परसातलं आंबटगोड फळ, किडनीच्या पेशंटने एकसुद्धा खाऊ नये, त्यातलं विष किडनी काढू शकत नाही आणि ते मेंदूवर जातं, न थांबणाऱ्या उचक्या, भ्रम, फिट्स, माणूस दगावतोसुद्धा. बिंबळाचा, म्हणजे आंबट बिलिंबीचा, रस काढून साखर-कोलेस्टेरॉलवर उपाय म्हणून पितात तेही अजिबात करू नका, त्यातल्या ऑक्झॅलेटने चांगली किडनीसुद्धा बंद पडल्याच्या केसेस आपल्या देशातल्याच आहेत, कालवणात दोन बिंबळं घालणं वेगळं आणि ग्लासभर रस पिणं वेगळं.

डायलिसिसची वेळ आलीच तर आशा सोडू नका. विलेम कोल्फ नावाच्या डच डॉक्टरने १९४३ मध्ये, युद्ध चालू असताना, सॉसेजच्या आवरणासाठी वापरतात ते सेलोफेन वापरून पहिलं चालणारं मशीन बनवलं, तत्त्व आजही तेच, पातळ पडद्याच्या एका बाजूला रक्त आणि दुसऱ्या बाजूला पाणी, कचरा आपोआप जिथे कमी तिकडे सरकतो. आठवड्यातून ३ वेळा, ४-४ तास. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं आणि २०१६ पासून केंद्राच्या कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांतही सोय करायला सुरुवात झाली, रेशनकार्ड-आधार घेऊन आधी चौकशी करा, लगेच दागिने गहाण टाकायला धावू नका. ज्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून वाट, केलीय त्या हाताचं रक्त देऊ नका, बीपीही त्या हाताला बघू देऊ नका, लॅबवाल्याच्या लक्षात आलं नाही तर तुम्ही सांगा.

शेवटचं काम फाईलचं. एका रिपोर्टवरून फार काही कळत नाही, क्रिएटिनिन ०.८ वरून १.१ वर आलं तर दोन्ही आकडे रेंजमध्येच असतात पण किडनी घसरलेली असते, आणि हे जुना कागद शेजारी ठेवल्याशिवाय डॉक्टरांनाही दिसत नाही. एका वहीच्या पानावर तारीख, क्रिएटिनिन, ईजीएफआर, एसीआर, बीपी आणि शुगर असं ओळीने लिहीत जा, शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा, रिपोर्टचे फोटो काढून मुलांना व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा कारण आपल्या दमट हवेत कागदाला बुरशी येते, आणि मुंबईला पोराकडे जाताना गोळ्यांच्या पिशवीत ती वहीपण टाका.